जुनी कार्टून्स आणि टीव्हीची कात्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बग्ज बनी, डॅफी, टॉम अँड जेरी यांचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढलंय. बरंचसं अमेरिकेतलं आहे, कारण कार्टून्स तिथली आणि कात्री पण तिथलीच. आपल्याकडचं जेवढं आहे तेवढं शेवटाकडे येईल.

कार्टून सेन्सॉर केलं म्हणजे कुणी केलं? अमेरिकन सरकारनी बंदी घातली होती का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. आपल्याला सेन्सॉर म्हटलं की सरकारी बोर्ड आणि सर्टिफिकेट आठवतं, पण या कार्टून्सच्या बाबतीत सरकारनी एकही फ्रेम कापलेली नाही. तिकडच्या प्रत्येक मोठ्या नेटवर्कमध्ये 'स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस' नावाचं एक खातं असतं, तिथली माणसं बसून बघतात आणि हे चालेल हे चालणार नाही ठरवतात, आणि त्यामागे जाहिरातदार काय म्हणतील, पालक काय म्हणतील, कुणी पत्र लिहिलं तर काय, ही भीती असते. शिवाय कार्टूनचे हक्क ज्या कंपनीकडे असतात ती पण परस्पर ठरवू शकते की अमुक एक फिल्म कुणाला द्यायचीच नाही. म्हणजे कोर्टात कुणी भांडायलाच जाऊ शकत नाही, कारण बंदीचा कागदच कुठे नाही. फिल्म दिसत नाही एवढंच.

पण ही कार्टून्स लहान मुलांचीच होती ना? मग त्यात सिगारेट, बंदुका, दारू कशी?

लहान मुलांची नव्हती हो. १९३० आणि ४० च्या दशकातली ही कार्टून्स थिएटरसाठी बनलेली, साधारण सहा ते आठ मिनिटांची, मोठ्या सिनेमाच्या आधी बातम्यांच्या रिळाबरोबर दाखवायची. समोर सगळ्या वयाचं पब्लिक, युद्धाच्या काळात तर रजेवर आलेले सैनिक पण. जोक त्यांच्यासाठी लिहिलेले असायचे, रेशनिंगवर, हॉलिवूडच्या नटनट्यांवर, वगैरे.

नंतर टीव्ही आला आणि स्टेशनांना दुपारचे तास भरायला स्वस्त माल हवा होता. १९५६ मध्ये बग्ज बनी आणि डॅफी बनवणाऱ्या वॉर्नर स्टुडिओनी आपली जुनी कार्टून्स, म्हणजे ढोबळपणे ऑगस्ट १९४८ च्या आधीची रंगीत कार्टून्स, असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स या कंपनीला विकून टाकली, दोन वर्षांनी ती कंपनी युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेली, आणि ही कार्टून्स शाळेतून घरी आलेल्या पोरांसमोर लागायला लागली. माल तोच होता, समोरचं पब्लिक बदललं. सगळा गुंता इथून सुरू होतो.

'सेन्सॉर्ड इलेव्हन' म्हणजे काय?

वॉर्नरची अकरा कार्टून्स, जी १९६८ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सनी टीव्हीच्या पॅकेजमधून पूर्णच बाहेर काढली आणि जी तेव्हापासून अमेरिकन टीव्हीवर अधिकृतपणे आलेली नाहीत. यातली काही नावं तुम्ही ऐकली असतील: 'कोल ब्लॅक अँड डी सेबन ड्वॉर्फ्स' (१९४३), 'टिन पॅन अ‍ॅली कॅट्स' (१९४३), 'ऑल धिस अँड रॅबिट स्ट्यू' (१९४१), 'क्लीन पाश्चर्स' (१९३७), 'अंकल टॉम्स बंगलो' (१९३७), 'जंगल जिटर्स' (१९३८). सगळ्यात जुनं १९३१ चं आहे. आणि दिग्दर्शक म्हणजे कुणी फालतू लोक नाहीत, टेक्स एव्हरी, बॉब क्लॅम्पेट, फ्रिझ फ्रेलेंग, चक जोन्स, म्हणजे ज्यांची नावं आपण अ‍ॅनिमेशनमध्ये आदरानी घेतो तेच.

बाकीच्या कार्टून्समध्ये एखादा वाईट प्रसंग असेल तर तो कापून उरलेलं दाखवता येतं. या अकरामध्ये तसं करता येत नाही, कारण काळ्या माणसांची टिंगल हाच कार्टूनचा पाया आहे, ती काढली तर हातात काही उरत नाही. 'ऑल धिस अँड रॅबिट स्ट्यू' मध्ये बग्जच्या मागे लागलेला शिकारी काळा आहे, पाय ओढत चालणारा, मंद दाखवलेला, आणि शेवटी बग्ज त्याला कसा हरवतो तर फाशांचा जुगार खेळून, अंगावरचे कपडेसुद्धा जिंकून घेतो. बघताना हसू येत नाही, मला तरी नाही आलं.

पण 'कोल ब्लॅक' चं वेगळं आहे आणि मी ते लपवणार नाही. वेग, संगीत, रेषेतला जोर या बाबतीत ते त्या काळातल्या उत्तम कार्टून्सपैकी एक आहे. नायिकेचा आवाज व्हिव्हियन डँड्रिजचा आहे, प्रसिद्ध नटी डोरोथी डँड्रिजची बहीण. आणि त्याच फिल्ममध्ये राजपुत्राचं तोंड असं काढलंय की मान खाली जाते. या दोन्ही गोष्टी एकाच सात मिनिटांत आहेत आणि त्या एकमेकांपासून सोडवता येत नाहीत.

त्या काळात सगळ्यांना हे चालायचं, आत्ताच लोक जास्त सेन्सिटिव्ह झालेत, बरोबर ना?

चूक. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि उत्तर दरवेळी तेच आहे की ज्यांची टिंगल होत होती त्यांना तेव्हाही चालत नव्हतं. एनएएसीपी, म्हणजे काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी १९०९ पासून लढणारी संघटना, तिनी १९४३ मध्येच 'कोल ब्लॅक' विरुद्ध तक्रार केली होती. वॉल्टर लँट्झच्या स्टुडिओचं 'स्क्रब मी मामा विथ अ बूगी बीट' (१९४१) युनिव्हर्सलनी पुन्हा थिएटरात आणलं तेव्हा १९४८ मध्ये त्याच संघटनेनी जाहीर विरोध केला आणि ते मागे घ्यावं लागलं. म्हणजे टीव्हीची कात्री चालायच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट आहे. 'तेव्हा सगळ्यांना चालायचं' यातल्या 'सगळ्यांना' मध्ये आपण कुणाला धरतोय हे आधी बघायला हवं.

स्टुडिओंना पण कळत होतं. डिस्नेच्या 'थ्री लिटल पिग्ज' (१९३३) मध्ये लांडगा ज्यू फेरीवाल्याचा वेष घेऊन दारात येतो, लांब नाक, दाढी, सगळं. १९४८ मध्ये ते परत रिलीज करताना डिस्नेनी तो तुकडा नव्यानी रंगवला आणि साधा ब्रशविक्या केला.

टॉम अँड जेरीतली ती बाई, जिचे फक्त पाय दिसतात, ती काही कार्टून्समध्ये गोरी कशी होते?

हा माझा सगळ्यात आवडीचा प्रश्न आहे, जरा लांब लिहितो. तिला 'मॅमी टू शूज' म्हणतात, १९४० च्या पहिल्याच कार्टूनपासून आहे, 'पस गेट्स द बूट'. जाड पाय, घसरलेले मोजे, स्लिपर, हातात झाडू, आणि आवाज लिलियन रँडॉल्फ या काळ्या अभिनेत्रीचा, काय दमदार आवाज आहे तो! दक्षिणेकडच्या काळ्या मोलकरणीचं जे ठरलेलं चित्र सिनेमात असायचं त्यातूनच ती आली, एनएएसीपीनी त्यावर टीका केली, आणि १९५२ नंतर ती कार्टूनमधून गेली.

मग १९६५ मध्ये टॉम अँड जेरी सीबीएस या अमेरिकन नेटवर्कवर शनिवारी सकाळी लागायला लागलं आणि त्यांना ही बाई नको होती. कापावं तर कसं, गोष्ट तीच सुरू करते, तीच टॉमला धमकी देते की आणखी एक वस्तू फुटली तर घराबाहेर. तेव्हा एमजीएममध्ये, म्हणजे टॉम अँड जेरीच्या स्टुडिओत, चक जोन्सचं युनिट होतं, त्यांनी मूळ चित्रावरून पुन्हा चित्रं काढून तिच्या जागी एक गोरी बाई बसवली, जून फोरेच्या आवाजात, बोलणं आयरिश धाटणीचं. 'सॅटर्डे इव्हनिंग पस' (१९५०) मध्ये मूळ बाई नटूनथटून मैत्रिणींकडे पत्ते खेळायला जाते, तिथे तर नवीन प्रसंगच घातला, एक तरुण गोरी मुलगी नाचायला जाते असा. नंतर १९९० च्या दशकात, हक्क टर्नर कंपनीकडे असताना, तिसरा प्रकार झाला, चित्र मूळचंच ठेवलं पण थिया विडाल या काळ्या अभिनेत्रीकडून आवाज नव्यानी भरून घेतला, बोलण्यातली ती जुनी धाटणी काढून.

म्हणजे एकाच कार्टूनच्या तीन आवृत्त्या. आणि मला कशाचं वाईट वाटतं सांगू, तिचं ते ठरलेलं चित्र चुकीचं होतं हे पूर्ण मान्य, पण दुरुस्ती करताना गेली कोण तर लिलियन रँडॉल्फ. १९४० च्या दशकात काळ्या अभिनेत्रीला जी थोडीफार कामं मिळायची त्यातलं हे एक, ते तिनी जीव ओतून केलं, आणि नंतर तिचाच आवाज पुसला.

स्फोट झाल्यावर तोंड काळं होतं तेवढा भाग पण कापतात, तो का? ती तर नुसती काजळी आहे.

नुसती काजळी असेल तर ठेवतात. पण तुम्ही नीट बघितलं तर त्या जोकमध्ये स्फोटानंतर ओठ मोठे होतात, डोक्यावर वेण्या उभ्या राहतात, म्हणजे ते 'ब्लॅकफेस' आहे, अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची नक्कल करायचे त्या तमाशांची आठवण. आपल्याला तो संदर्भ नसतो म्हणून नुसता काळवंडलेला टॉम दिसतो. तिथल्या माणसाला सगळं दिसतं.

'फ्रेश हेअर' (१९४२) मध्ये शेवटी बग्जला गोळ्या घालायला उभा करतात, शेवटची इच्छा विचारतात, आणि एकदम सगळे ब्लॅकफेसमध्ये गाणं म्हणायला लागतात. टीव्हीवर तो भाग उडवतात, मग गोष्ट बंदुका रोखलेल्या बग्जपाशीच तुटते. कापायला नको होतं असं मी म्हणत नाही, मुलांच्या चॅनलवर हे कार्टून लावलंच नसतं तर बरं, हात तोडून ठेवण्यापेक्षा.

बंदुकीचे बार आणि पडापडी का कापली? त्यात तर कुणाचा अपमान नाही.

इथे कारण वेगळं आहे आणि दोन्ही एकत्र केली की गोंधळ होतो. १९६८ मध्ये एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली, टीव्हीवर व्हिएतनाम रोज होतं, आणि देशभर प्रश्न उठला की आपण मुलांना काय दाखवतोय. त्याच वर्षी बॉस्टनजवळ पेगी चॅरेन यांनी 'अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही पालकांची संघटना काढली. या बाईंबद्दल एक सांगायलाच हवं, त्यांचा भर मुलांना चांगले कार्यक्रम मिळावेत आणि त्यांच्यावर जाहिरातींचा मारा होऊ नये यावर होता, कार्यक्रम बंद पाडण्याच्या त्या विरोधात होत्या, पण एकूण हवाच अशी तापली की नेटवर्कवाल्यांनी सोपा रस्ता धरला, नवीन चांगलं करण्यापेक्षा जुनं कापणं स्वस्त पडतं.

मग सीबीएस आणि नंतर एबीसी, दोघांनी आपापल्या यादीप्रमाणे कापलं. डायनामाइट, तोंडावर उडालेला बार, दारू पिणं, स्वतःवर पिस्तूल रोखून केलेला जोक. यातला शेवटचा मुलांसमोर नको हे मला पटतं. बाकीचं नाही पटत.

कापल्यानी एवढं काय बिघडतं? दोन सेकंद तर जातात.

दोन सेकंद म्हणजे अठ्ठेचाळीस फ्रेम हो, सेकंदाला चोवीस. चक जोन्स सांगायचे की रोड रनरच्या मागे लागलेला कोयोटी कड्यावरून पडला की लांब जाऊन दिसेनासा व्हायला अठरा फ्रेम, आणि त्यानंतर चौदा फ्रेम गेल्यावर खाली आपटतो. त्या चौदा फ्रेममध्ये काहीच होत नाही आणि सगळा विनोद तिथेच आहे. खालचा तो धुरळा कापला तर तुम्ही नुसता एक प्राणी पडताना बघितलात.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आमची आत्या न्यू जर्सीला एडिसनमध्ये राहायची, ती १९९० च्या आसपास आम्हा पोरांसाठी शनिवार सकाळची कार्टून्स टेपवर उतरवून यायची, आणि वडिलांकडे मल्टिसिस्टिम व्हीसीआर होता म्हणून त्या अमेरिकन टेप कोल्हापुरात चालायच्या. त्यात 'रॅबिट सीझनिंग' (१९५२) होतं, ससा का बदक, शिकारीचा सीझन कुणाचा यावर बग्ज आणि डॅफीची हुज्जत. टेपवर शिकारी एल्मर फड बंदूक रोखायचा, बार दिसायचाच नाही, आणि पुढच्या क्षणी डॅफीची चोच डोक्याच्या मागे. आम्हाला वाटायचं टेप खराब झालीय, भाऊ हेड साफ करायचा. पुढे केबलवर तेच कार्टून पूर्ण लागलं आणि पहिल्यांदा बार दिसला, धूर दिसला, मग ती फिरलेली चोच, आणि आम्ही अक्षरशः गडाबडा लोळलो. इतकी वर्षं आम्ही विनोदाचं उत्तर बघत होतो, प्रश्नच बघितला नव्हता. आणि हिंसा कमी झाली होती का? चोच तर फिरलेलीच होती.

सिगारेटचं काय प्रकरण झालं होतं?

ते इंग्लंडमधलं, २००६ चं. बूमरँग चॅनलवर टॉम अँड जेरी लागायचं, एका प्रेक्षकानी तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेकडे 'टेक्सास टॉम' आणि 'टेनिस चम्प्स' मधल्या धूम्रपानाबद्दल तक्रार केली. टर्नर कंपनीनी मग जुनी दीड हजाराहून जास्त कार्टून्स तपासायला घेतली आणि जिथे सिगारेट ओढणं रुबाबदार दाखवलंय ते भाग काढायचं कबूल केलं. 'टेक्सास टॉम' मध्ये टॉम एका हातानी सिगारेट वळून, पेटवून, पोरीला इम्प्रेस करायला बघतो, तो काढलेला सगळ्यात भारी अ‍ॅनिमेशनचा तुकडा आहे. एक तक्रार, आणि एवढी कार्टून्स तपासणीला.

'जून बग्ज' मध्ये काय झालं?

२००१ मध्ये कार्टून नेटवर्कनी अमेरिकेत ठरवलं की बग्ज बनीची झाडून सगळी कार्टून्स क्रमानी दाखवायची. वादग्रस्त बारा कार्टून्स रात्री उशिरा, आधी सूचना देऊन लावायचा विचार होता. शेवटी वरून नकार आला आणि ती बाराच्या बारा गाळली. त्यात युद्धकाळातलं 'बग्ज बनी निप्स द निप्स' (१९४४) पण होतं, नावातच जपानी लोकांना शिवी आहे. रात्री उशिरा, मोठ्यांसाठी, सूचना देऊन, हा मार्ग मला आजही योग्य वाटतो.

स्पीडी गोन्झालेस पण बंद केला होता ना?

हो, १९९९ च्या सुमारास कार्टून नेटवर्कनी अमेरिकेत या मेक्सिकन उंदराला बाजूला ठेवला, मेक्सिकन लोकांना वाईट वाटेल म्हणून. गंमत बघा, तोच उंदीर लॅटिन अमेरिकेतल्या चॅनलवर प्रचंड आवडता. अमेरिकेतली लॅटिन नागरिकांची जुनी संघटना लुलॅक हिनीच बाजू घेतली की हा आमचा हिरो आहे, परत आणा, आणि २००२ मध्ये आणला. त्याचे आळशी मित्र दाखवलेत त्यावर वाद आहेच, पण ज्यांच्या नावानी निर्णय घेतला त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे भारतात कुठलं व्हर्जन दाखवायचे?

कार्टून नेटवर्क भारतात १ मे १९९५ ला सुरू झालं, महाराष्ट्र दिनालाच, दिवसा कार्टून आणि रात्री त्याच चॅनलवर टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे. माल सगळा टर्नरच्या लायब्ररीतला, त्यामुळे तिकडे झालेली कापाकापी आपल्याकडे आपोआप यायची. आपला स्वतःचा कायदा म्हणजे १९९५ चा केबल टीव्ही कायदा आणि त्याखालचा प्रोग्राम कोड, त्यात मुलांच्या कार्यक्रमात वाईट भाषा आणि उघड हिंसा नको असं आहे. आणि तंबाखू दिसली की खाली पट्टी येते ती तर सगळ्यांना पाठ आहे.

पूर्ण, न कापलेली कार्टून्स कुठे बघायला मिळतील?

वॉर्नरचे 'गोल्डन कलेक्शन' नावाचे सहा डीव्हीडी संच २००३ ते २००८ मध्ये आले, ते मिळाले तर सोडू नका. तिसऱ्या संचाच्या सुरुवातीला काळ्या अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग स्वतः येऊन सांगतात की यातली काही चित्रं दुखावणारी आहेत, तेव्हाही चुकीची होती आणि आजही, पण ती काढून टाकणं म्हणजे असं कधी घडलंच नाही म्हणण्यासारखं आहे. माझं मत विचाराल तर हेच. सेन्सॉर्ड इलेव्हनपैकी आठ कार्टून्स एप्रिल २०१० मध्ये लॉस एंजेलिसला टीसीएम या जुन्या सिनेमांच्या चॅनलच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवली गेली. 'जंगल जिटर्स' आणि 'ऑल धिस अँड रॅबिट स्ट्यू' चे कॉपीराइट संपलेत म्हणून ती इकडेतिकडे फिरत असतात, पण कुठलीही ओळख, कुठलाही संदर्भ न देता, आणि सगळ्यात वाईट अवस्था हीच आहे. अधिकृत ठिकाणी दाखवत नाहीत म्हणून पोरं ती अशा जागी बघतात जिथे खाली कमेंटमध्ये लोक त्या टिंगलीलाच टाळ्या वाजवत असतात.

मग मुलांना दाखवू का नको?

आठ वर्षांच्या पोराला अकरापैकी एकही दाखवू नका, त्याला संदर्भ समजत नाही आणि चित्र मात्र डोक्यात राहतं. ऐरण डोक्यावर पडते ती खुशाल दाखवा. बारा-तेरा वर्षांचं झालं की शेजारी बसून दाखवा आणि मध्येच थांबवून बोला. माझ्या पुतणीनी मॅमीला बघून विचारलं की काका हिचं तोंड का दाखवत नाहीत, त्यावर आम्ही अर्धा तास बोललो, कापलेलं व्हर्जन असतं तर हा प्रश्न तिला पडलाच नसता.

आपण बघतोय ते कापलेलं आहे हे कसं ओळखायचं?

डोळ्यांनी नाही, कानांनी. वॉर्नरला कार्ल स्टॉलिंग आणि एमजीएमला स्कॉट ब्रॅडली संगीत द्यायचे आणि ते पात्राच्या प्रत्येक पावलाला, प्रत्येक पापणीला बांधलेलं असायचं. त्यामुळे चित्र कितीही सफाईनी जोडलं तरी सूर उडी मारतो, एखादी ओळ अर्ध्यात तुटते, ढोल वाजायच्या आधीच थांबतो. गोळीबाराच्या, स्फोटाच्या जवळपास असं झालं की समजा तिथे काहीतरी होतं. मग वेळ बघा, सात मिनिटांचं कार्टून सव्वासहालाच संपलं असेल तर जुन्या डीव्हीडीवरच्या वेळेशी ताडून बघा. आणि दोन व्हर्जन मिळाली तर डोळे मिटून दोन्ही एकदा नुसती ऐका, कुठे काय गेलं ते लगेच सापडतं.